कुंतावहिनींचं परस्थान

आसगावच्या लोकांना विमान म्हणजे दुपारी तळ्यावरून, फार उंचावरून जाणारी एक पांढरी रेघ. बायका धुणं थांबवून वर पाहत, रेघ पुसली गेली की पुन्हा कामाला लागत. अशा गावात, पवनीपलीकडे फार तर नागपूर पाहिलेल्या कुंतावहिनींच्या नावाने विमानाचं तिकीट आलं, आणि तेही पहिल्या वर्गाचं. ही १९८३ सालच्या दिवाळीनंतरची गोष्ट. मुंबईहून सिंगापूर, तिथे विमान बदलायचं आणि पुढे ऑस्ट्रेलियातलं पर्थ.

तिकीट त्यांच्या घरी आलं नाही, माझ्या घरी आलं. इश्वरचं सगळंच माझ्या घरी यायचं.

इश्वर त्यांचा एकुलता मुलगा आणि शाळेत माझा विद्यार्थी. खाणकामाचं शिकला, चिखल्याच्या मँगनीजच्या खाणीत नोकरीला लागला आणि तिथून १९७४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका खाणीत गेला. दोन वर्षांनी येतो, असं सांगून गेला होता. इकडे त्याच्या बापाने, कृष्णरावाने, करडी गावची मुलगी पसंत केली, सुपारी फोडली, आणि तिकडून तार आली की इश्वरने तिथल्याच एका मुलीशी लग्न केलं. कृष्णराव माझा लहानपणापासूनचा मित्र. मान खाली घालून करडीला गेला, मुलीच्या बापाचं ऐकून घेतलं, आणि परत येऊन त्याने लेकाला एका ओळीचं पत्र टाकलं: माझ्या उंबऱ्यात पाय ठेवायचा नाही.

दोघेही एकाच मातीचे. बापाने शब्द मागे घेतला नाही आणि लेकाने तो मोडला नाही. नऊ वर्षं झाली. मधल्या मध्ये वहिनी वाळत गेल्या. इश्वरची पत्रं माझ्या पत्त्यावर यायची. वहिनी आमच्या तळ्याकडच्या घरी दळणाच्या, विरजणाच्या निमित्ताने यायच्या आणि मी वाचून दाखवायचो. नातवाचा फोटो आमच्याच आरशाला खोचलेला होता. सात वर्षांचा पोर, डोळे अगदी वहिनींचे. तो फोटो पदराने पुसायच्या आणि जागच्या जागी ठेवून जायच्या. घरी नेत नसत. मला या गोष्टीचा संताप यायचा, आणि तो कोणावर काढावा हे कळायचं नाही.

शेवटी इश्वरनेच वाट काढली. मी येऊ शकत नाही, तर आई इकडे येईल. पहिल्या वर्गाचं तिकीट का, तेही त्याने लिहिलं होतं. आईची कंबर रोवण्यात गेली. चिखलात वाकून धान लावण्यात तीस पावसाळे गेले, तिला इतके तास बसवणार नाही. या वर्गात खुर्ची मागे करून पाय पसरता येतात. नऊ वर्षं दूर राहिलेल्या पोराला आईची कंबर आठवत होती.

गावाने आपापल्या परीने अर्थ लावला. विमानात खाट देतात, इथपासून ते विमानात अंथरूण घालून बाई बसते, इथपर्यंत. पवनीच्या स्टुडिओत वहिनींचा पासपोर्टचा फोटो काढला, तेव्हा फोटोवाला म्हणाला, "बाई, हसू नका." त्या म्हणाल्या, "कोन हासून राहिलं?" खरंच होतं. ओठ ताणलेले होते, पण त्या हसत नव्हत्या. त्या घाबरल्या होत्या.

भीती उंचीची नव्हती. भीती सिंगापूरची होती.

मी नागपूरला बर्डीवर बाबुलाल नावाच्या तिकीट-एजंटाकडे जाऊन आलो. तो भला माणूस. म्हणाला, या वर्गाच्या प्रवाशाची काळजी कंपनी घेते. बाईंना इंग्रजी येत नाही हे आधीच कळवू, गळ्यात चिठ्ठी अडकवू, सिंगापूरला कंपनीची मुलगी हात धरून दुसऱ्या विमानात बसवेल. बुधवारी मुंबईहून निघायचं, गुरुवारी सिंगापूरहून पर्थला. लगेच पुढे जायचं नसेल तर सिंगापूरला एक रात्र हॉटेलात थांबवू, खर्च कंपनीचा.

मी हे सगळं कृष्णरावाच्या ओसरीवर बसून सांगत होतो. कृष्णराव पाठ करून सुंब वळत होता. त्याने बायकोला जा म्हटलं नव्हतं आणि जाऊ नकोही म्हटलं नव्हतं. इश्वरचं नाव निघालं की त्याचे हात जरा जोरात चालायचे, एवढंच.

हॉटेलाचं ऐकून वहिनी म्हणाल्या, "मी नाही थांबत थेथं रातभर. धानाचे परे उपटले का लावाच लागतात, भाऊजी. रातभर बांधावर ठेवले तर मुळं सुकतात. घरून निंगाली का सिदी पोराकडं."

"मंग गुरुवारीच जा," मी म्हटलं.

तिथे देवाजी बसले होते. गावात कोणी सोयरिकीला निघो की बैल घ्यायला, देवाजींना विचारल्याशिवाय निघत नसे. त्यांनी विचारलं, "मास्तर, हे पर्त सिंगापुराहून कोनत्या दिशेले?"

मी नकाशा पाहिलेला माणूस. मोठ्या ऐटीत सांगितलं, "दक्षिनेले. सरळ खाली."

तेवढंच नडलं. देवाजींनी डोळे मिटले आणि मान हलवली. गुरुवारी दक्षिणेला दिशाशूल, त्या वारी त्या दिशेला निघणं अशुभ. मी म्हटलं, अहो, हे बैलगाडीच्या काळातलं, विमानाला कसली दिशा. ते शांतपणे म्हणाले, "इमानालेई दिशा लागते, मास्तर. नाही तं थे पोचन कसं?" वहिनींचा चेहरा उतरला. रात्र थांबायचं नाही आणि गुरुवारी निघायचंही नाही, अशा कात्रीत त्या सापडल्या.

तोड देवाजींनीच काढली. "परस्थान ठेवा."

आमच्याकडे ही चाल जुनी आहे. निघायचा दिवस वाईट असेल, तर आधीच्या चांगल्या दिवशी आपल्या सामानातली एखादी वस्तू फडक्यात बांधून, जायच्या दिशेला असलेल्या दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची. म्हणजे माणूस त्या चांगल्या दिवशीच निघाला असं धरतात. मग खरं निघताना ते गाठोडं उचलायचं आणि पुढे जायचं. नियम दोनच: परस्थान उघडायचं नाही आणि घरी परत आणायचं नाही. परत आणलं की जाणं मोडलं.

गावाच्या दक्षिणेचं शेवटचं घर माझं. त्यापुढे तळं. तेव्हा परस्थान आमच्याच घरी येणार हे ठरल्यासारखं होतं.

मी शाळेत असताना वहिनी ते ठेवून गेल्या. संध्याकाळी पाहिलं तर मधल्या खोलीतल्या खुंटीला पिवळ्या फडक्याचं गाठोडं, आणि खाली माझी बायको बायजाबाई पाटावर दिवा लावून बसलेली. मी विचारलं, "काय काय बांधलं?"

"मूठभर तांदूळ, हळकुंड, सुपारी. अन् पासपोर्ट अन् तिकीट."

मी कपाळाला हात लावला. देवाजींनी सांगितलं होतं की ज्या वस्तूवाचून जाताच येत नाही तीच ठेवावी, म्हणजे परस्थान पक्कं. वहिनींनी ते अक्षरशः पाळलं. तसं पाहिलं तर त्यांचं चुकलं तरी काय? ज्यावाचून जाता येत नाही अशी वस्तू त्यांच्याकडे दुसरी कोणती होती?

निघायला आठवडा राहिला असताना बाबुलालची तार आली. मी तसंच नागपूर गाठलं. विमान कंपनीने वेळापत्रक बदललं होतं. सिंगापूरहून पुढच्या विमानाची वेळ सरकली होती. तिकीट घेऊन या, तो म्हणाला, त्यावर नवी चिठ्ठी चिकटवावी लागते. दोन दिवसांत नाही आणलं तर पुढची जागा दुसऱ्याला जाईल. या वर्गात जागा असतातच किती.

मी धापा टाकत परत आलो आणि वहिनींना आमच्या घरी बोलावलं. सगळं समजावून सांगितलं. "गाठोडं सोडतो, तिकीट काढतो, चिठ्ठी लावून आनतो, पुन्ना बांधतो. काही होत नाही."

वहिनी खुंटीखाली उभ्या राहिल्या. "नाही सोडाचं, भाऊजी."

"वयनी, जागा जाईन."

"जाऊ द्या. दुसरी भेटन."

मी चिडलो. मी मुळात चिडका माणूस, मास्तरकीत तो गुण वाढतोच. म्हटलं, नऊ वर्षं पोराचं तोंड पाहिलं नाही, आणि एका फडक्याच्या गाठीसाठी हातातलं विमान सोडता? मग म्हटलं, सोडायचं नसेल तर गाठोड्यासकट तुम्हीच आज नागपूरला चला, तिथून परस्पर निघा. त्या म्हणाल्या, नागपूर उत्तरेला, आज मंगळवार, उत्तरेला निघत नाहीत. आणि उद्या बुधवार, तोही तसाच. मी हात वर केले.

तेव्हा त्या पाटावर बसल्या आणि सावकाश बोलल्या. "तुमी हासान, पन आयका. इश्वर गेला तवा त्याचं परस्थान नाही ठेवलं. सासूबाई म्हनत होत्या, ठेव. म्या म्हटलं, शिकलेला पोरगा हाये, त्याले आवडनार नाही. तसाच गेला. मंग थो वापस आला नाही." खुंटीकडे बोट दाखवत म्हणाल्या, "आता माह्यं ठेवलं हाये. म्या हे सोडलं अन् तिकडं पोराले काही झालं तं? नातवाले झालं तं? मले उशीर झाला तं चालन."

माझ्याजवळ उत्तर होतं. नकाशा, वेळापत्रक, सगळं होतं. पण नऊ वर्षं या बाईने सगळा दोष स्वतःच्या अंगावर घेतला होता, न ठेवलेल्या एका गाठोड्यासाठी, आणि हे मला पहिल्यांदाच कळत होतं. लेकाने लग्न केलं, बापाने पत्र टाकलं, आणि चूक कोणाची तर हिची. रात्री हात शिवशिवत होते, गाठ सोडावी, कोणाला कळणार आहे. बायजाबाईने माझ्याकडे असं पाहिलं की मी अंथरुणावर जाऊन पडलो.

पुढची जागा गेली. बाबुलालने दुसरी शोधली ती पौषात निघाली. पौषात आमच्याकडे शुभ कामाला कोणी पाऊल उचलत नाही. माघात पाहू, असं ठरलं. इश्वरला तसं पत्र टाकलं. त्याचं उत्तर आलं, आईला घाई करू नका, तिच्या मनाप्रमाणे होऊ द्या.

देवाजी म्हणाले, परस्थान फार दिवस एका जागी राहिलं की शिळं होतं, पुढच्या घरी सरकवा. पुढे घर नव्हतंच. शेवटी गाठोडं मधल्या खोलीतून काढून ओसरीच्या दक्षिणेकडच्या खुंटीला लावलं. तेवढंच पुढे. वहिनी रोज एकदा येऊन त्याच्याकडे पाहून जायच्या. कोणी विचारलं, कधी निघता, तर म्हणायच्या, "निंगाली हाओ ना. फक्त बसाचं रायलं."

त्या महिन्यात त्यांच्यासारखा सुखी माणूस गावात दुसरा नव्हता, असं मला वाटतं. नातवासाठी तिळाचे लाडू कधी करायचे, त्याला कोणत्या नावाने हाक मारायची, सून मराठी बोलत नाही तर तिला हाताने कसं सांगायचं, याच्या तालमी बायजाबाईपुढे चालायच्या. पाय पसरून निजायचं त्यांना पटत नव्हतं. चार परक्या माणसांसमोर बाईमाणसाने कसं निजावं? मी खुर्ची सरळच ठेवीन, म्हणायच्या.

पौष संपायला थोडे दिवस असताना थंडी पडली. कापून रचलेल्या धानाचे शेवटचे पुंजणे चुरायचे, मळायचे होते. वहिनी पहाटे खळ्यावर गेल्या, त्या दिवशी अंगात कणकण घेऊनच परतल्या. छातीत कफ दाटला. पवनीच्या डॉक्टरांनी न्यूमोनिया सांगितला, भंडाऱ्याला हलवा म्हणाले. गाडी दारात आली तेव्हा त्यांचा श्वास वर लागला होता. मला म्हणाल्या, "भाऊजी, खुटीवरचं काढू नका." ते त्यांचं माझ्याशी शेवटचं बोलणं. गाडी गावाबाहेरच्या पुलापर्यंतही गेली नाही, त्याआधीच त्या गेल्या.

इश्वर आला तो पाचव्या दिवशी. मुंबईहून नागपूर, नागपूरहून टॅक्सीने. डोक्यावरचे केस विरळ झालेले, अंगात कोट. गावात शिरल्यावर घराच्या गल्लीशी टॅक्सी थांबली, मिनिटभर तशीच उभी राहिली आणि मग पुढे माझ्या दारात आली. बायजाबाईच्या गळ्यात पडून तो लहान पोरासारखा रडला. घरी चल म्हटलं तर म्हणाला, "काका, बाबांनी नाही म्हटलं हाये." भाषा तशीच राहिली होती, पोरगाही तसाच. मला दोघांच्याही थोबाडीत माराव्याशा वाटल्या.

तो आमच्या ओसरीवर झोपला. वर खुंटीला आईचं गाठोडं. आईचं परस्थान घरी नेता येत नव्हतं आणि हाही घरी जात नव्हता. दहाव्याला वैनगंगेच्या घाटावर बापलेक शेजारी शेजारी बसले, पिंड ठेवले, कावळ्याची वाट पाहिली. एकमेकांशी शब्द नाही. कावळा मात्र लगेच शिवला. बायका म्हणाल्या, पोरगा आला म्हणून शिवला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कृष्णराव आमच्या अंगणात येऊन उभा राहिला. तो माझ्या घरी नऊ वर्षांत आला नव्हता, इथे इश्वरची पत्रं येतात म्हणून. इश्वर उठून उभा राहिला. त्याने नुकतंच ते गाठोडं खुंटीवरून काढून मांडीवर घेतलं होतं. उघडलं नव्हतं, नुसतं धरून बसला होता.

कृष्णरावाने गाठोड्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "गाठोडं थेच राहू दे. घरी नाही आनत थे. तू जेवाले चाल."

इश्वरने गाठोडं पुन्हा खुंटीला लावलं आणि बापाच्या मागून गेला. मी बायजाबाईकडे पाहिलं. ती पदर तोंडाला लावून आत गेली.

तेराव्यानंतर इश्वर निघाला. बापाच्या घरून निघाला, पण जाताना आमच्या दारात थांबला. बायजाबाईने परस्थान त्याच्या हातात दिलं. "मायचं हाये. मागं आनू नको. पुढं ने." त्याने ते कोटाच्या आत, छातीशी ठेवलं. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "काका, सिंगापूरहून पुढचं तिकीट गुरुवारचं होतं. बाबुलालभाऊकडून शुक्रवार करून घेतला. सिंगापूरले एक रात थांबतो." आणि जरा ओशाळून हसला. खाणीतला मोठा साहेब झाला होता तो.

कृष्णराव गाडीपर्यंत आला नाही. ओसरीवरच बसून राहिला, या वेळी तोंड रस्त्याकडे करून.

काही दिवसांनी तार आली. पहिल्यांदाच इश्वरने कृष्णरावाच्या नावाने पाठवली होती. पण तारवाला नऊ वर्षांच्या सवयीने माझ्याच दारात आला. मी तशीच घेऊन गेलो. इंग्रजीत दोनच शब्द होते. मी मराठीत वाचले, "आई पोहोचली."

कृष्णराव सुंब वळत होता. हात थांबले. मला वाटलं, आता हा रडेल. त्याने विचारलं, "गुरुवारी तं नाही ना निंगाली सिंगापुराहून?"

तेव्हा मला कळलं की पाठ करून बसलेल्या या माणसाने एकेक शब्द ऐकला होता. वार, दिशा, विमान कुठे बदलायचं, सगळं.

"नाही," मी म्हटलं. "शुक्रवारी. रातभर थांबली होती थेथं."

"एकटी?"

"पोरगा होता ना संगं."

"हो," तो म्हणाला, आणि तार घडी करून त्याने टोपीत ठेवली.